आई-बाबांना, माझ्या रोजच्या पथ्याविषयी

अकोटा, बडोदा

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

अकोटा आणि दांडिया बाजार यांच्यामध्ये विश्वामित्रीवरचा एक पूल तेवढा आहे. तरीही मी हे पत्राने कळवत आहे, कारण हा विषय समोरासमोर निघाला की आईचे डोळे भरून येतात, बाबा वर्तमानपत्र हाती घेतात आणि सांगायचे ते राहून जाते. गेल्या पावसाळ्यापासून माझ्यावर नैराश्य आणि चिंतेच्या विकाराचे उपचार सुरू आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण गोळ्या आणि समुपदेशन यांखेरीज दिवसभरात मी जे करते, किंवा मुद्दाम टाळते, तेही त्या उपचारांचाच भाग आहे. तुम्हाला त्यात कधी आळस दिसतो, कधी तुटकपणा, आणि त्याचे तुम्हाला वाईट वाटते, म्हणून ते नीट सांगावेसे वाटले.

माझी सकाळ सर्वांत जड जाते. या आजारात पुष्कळांना तसे होते. आई, मागच्या रविवारी तू आलीस तेव्हा अकरा वाजून गेले होते, मी आदल्या दिवशीच्याच कपड्यांत बसले होते आणि ओट्यावर रात्रीची भांडी तशीच पडली होती. तू एक शब्दही न बोलता पदर खोचलास आणि सगळी भांडी घासून टाकलीस. तुझी माया मला कळत होती, परंतु त्यांतील दोन ताटे घासणे हे त्या दिवसाचे माझे ठरलेले काम होते. मन लागेल तेव्हा करू असे म्हटले, तर नैराश्यात ती वेळ सहसा येतच नाही. म्हणून मन लागो वा न लागो, आधी एखादी लहानशी कृती करायची आणि उमेद मागाहून येऊ द्यायची, अशी ही पद्धत आहे. पुढच्या वेळी तू शेजारी उभी राहून ताटे पुसून ठेव, घासायचे मात्र माझ्याकडे राहू दे. सकाळी कमाटीबागेत एक फेरी मारायची, तेही याच कारणासाठी. ज्या दिवशी फेरी होत नाही, त्या दिवशी गच्चीवर जाऊन थोडा वेळ उन्हात उभी राहते.

चिंतेचे प्रकरण वेगळे आहे. मंगळबाजारात बांगड्यांच्या दुकानापाशी मी एकाएकी थांबले, ते तुम्हा दोघांनाही आठवत असेल. छातीत धडधडत होते, बोटे बधिर झाली होती आणि आता आपले काही खरे नाही असे वाटत होते. पहिल्यांदा असे झाले तेव्हा ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करून घेतली होती व दोन्ही ठीक होते, त्यामुळे हा हृदयाचा त्रास नव्हे हे मला माहीत होते. असा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग आपोआप ओसरू लागतो. तोवर श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावायचा आणि समोरच्या वस्तूंवर लक्ष ठेवायचे. मी काचेच्या बांगड्यांचे रंग एकेक करून मनात म्हणत होते. बाबा, तुम्ही काळजीपोटीच "चल, घरी जाऊ या" म्हणालात. पण दर वेळी तिथून निघून गेले, तर ती जागा धोक्याची आहे हीच समजूत मनात पक्की होते आणि हळूहळू घराबाहेर पडणेच बंद होते. अशा वेळी माझ्याजवळ नुसते उभे राहा, तेवढा आधार पुरतो.

संध्याकाळनंतर मी चहा नको म्हणते, कारण त्याने झोप लांबते आणि धडधड वाढते. नवरात्रात गरब्याला येईन, पण थोड्या वेळाने परत फिरेन. सलग नऊ रात्रींचे जागरण मला मानवणार नाही, आणि ठरलेल्या वेळी उठणे मला मोडायचे नाही. माझ्या वतीने नातेवाइकांची समजूत तुम्हीच घालावी.

आई, या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, असे तू वारंवार विचारतेस. त्यांचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात, आणि पूर्ण बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात, नाहीतर आजार उलटण्याची भीती असते. झोपेच्या काही गोळ्यांची जशी सवय जडते तशी यांची जडत नाही. मात्र त्या एकदम थांबवल्या तर त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करायच्या. बाबांना रक्तदाबाची गोळी घेताना आपण "मन खंबीर करा" असे कधी म्हणत नाही, तसे मलाही म्हणू नका. लोकांना कळेल ही तुझी धास्ती मी समजू शकते, परंतु 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिलेला आहे. रात्री-अपरात्री माझा फोन लागला नाही आणि तुम्हाला काळजी वाटली, तर सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन करा. ती चोवीस तास चालते, विनामूल्य आहे आणि घरच्या माणसांनाही सल्ला देते.

आता बाबा, थोडे तुमच्याविषयी. निवृत्तीनंतर तुम्हाला पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. पेटीवरची खोळ कित्येक महिने निघालेली नाही, जेवण निम्म्यावर आले आहे, आणि कोणी विचारले की वयोमानाने व्हायचेच, असे तुम्ही म्हणता. मला ते नुसते वय वाटत नाही. पहाटेच लवकर जाग येणे, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे, भूक मंदावणे ही नैराश्याचीही लक्षणे आहेत, आणि म्हातारपणीचे नैराश्य उपचारांनी बरे होऊ शकते. थायरॉइड किंवा बी-12 ची कमतरता असली तरी असे होऊ शकते, म्हणून आधी रक्त तपासून घेऊ. येत्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता मला डॉक्टरांकडे जायचे आहे. तुमचीही वेळ मी मागून घेतली आहे. आई, तूही बरोबर ये, बाबा जे सांगायचे टाळतील ते तू सांगशील. येताना रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आठवणीने घ्यावी, कारण आधी कोणती औषधे चालू आहेत हे पाहिल्याशिवाय डॉक्टर नवीन काही लिहून देत नाहीत.

तुमची,
वैदेही