चि. सोनूस पत्र : आधी तळ बघ

चि. सोनू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विलायतेत राहायला घेतोयस त्या बोटीचे फोटो दाखवलेस. ओकचं कपाट, पितळेचे दिवे, गोल खिडक्या, ओट्यामागच्या निळ्या टाइल्स. नंतर तू पाठवलेले सगळे मी सावकाश पुन्हा पाहिले. सत्तावीस फोटो, आणि त्यात पाण्याखालच्या भागाचा एकही नाही. तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

नारळी पौर्णिमा होऊन गेली. हर्णैला बोटी पुन्हा पाण्यात गेल्या. पावसाळ्यात त्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा आपल्याकडचा माणूस काय करतो ते तू लहानपणी पाहिलंयस. आधी तो बोटीच्या पोटाखाली शिरतो. खरवडतो, ठोकून बघतो, जिथे शंका येईल तिथे हात फिरवतो. वरचा रंग आणि नाव सगळ्यात शेवटी. विलायतेत बोट घेताना आम्ही नेमकं उलटं केलं.

2008 साली आम्ही पहिली नॅरोबोट, म्हणजे तिथल्या कालव्यांतली लांब, अरुंद बोट, घेतली तेव्हा विकणारा म्हणाला, दोन वर्षांपूर्वीच सर्व्हे, म्हणजे बोटीची तपासणी, झालाय, पुन्हा कशाला खर्च करता. माणूस बोलायला गोड होता, बोट आतून सुरेख होती, आम्हाला ते पटलं. पुढच्या वर्षी तळाला डांबर लावायला ड्राय डॉकमध्ये नेली. पाणी उतरलं आणि सर्व्हेयर हातोडी घेऊन एका टोकापासून ठोकत निघाला. टण, टण, टण असा स्वच्छ आवाज येत होता. स्वयंपाकघराच्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा खाली, तो आवाज एकदम बसला. थप. त्याने तिथलं डांबर खरवडलं, जाडी मोजायचं यंत्र टेकवलं आणि आकडा तुझ्या बाबांना दाखवला. 3.2. बांधताना तिथे सहा मिलिमीटरचं पोलाद होतं. मग वरून नवे पत्रे वेल्ड करून घ्यावे लागले. बाबांच्या भविष्यनिर्वाह निधीतले पैसे त्यात गेले. तू तेव्हा शेवटच्या वर्षाला होतास, म्हणून तुला सांगितलं नव्हतं.

तेव्हा सोनू, तू बोट घेतोयस ती म्हणजे तिचा पोलादी सांगाडा. बाकी सगळं पुढे बदलता येतं. चांगल्या बांधणीच्या नॅरोबोटीला तळाचा पत्रा दहा मिलिमीटर, बाजूंचा सहा आणि केबिनचा चार असतो. विमा कंपन्या साधारण चार मिलिमीटरपेक्षा पातळ झालेला तळ किंवा बाजू नको म्हणतात. सर्व्हे पाण्याबाहेर काढूनच करायचा. सर्व्हेयर तू निवडायचा आणि पैसेही तूच द्यायचे. विकणाऱ्याचा जुना कागद कितीही नवा वाटला तरी चालवून घेऊ नकोस. बयाणा देताना सौदा सर्व्हेवर अवलंबून आहे हे लिहून घे. आणि सर्व्हेच्या दिवशी रजा काढून तिथे स्वतः उभा राहा. तो आवाज एकदा कानाने ऐकलास की रिपोर्टमधले आकडे तुला कळतील.

गंज नुसता पाण्याने चढतो असं नाही. मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावर, विजेची वायर काठाला जोडली की अर्थिंगच्या तारेतून आपली बोट शेजारच्या बोटींशी जोडली जाते. मधे पाणी असतंच. सगळं मिळून एक मोठी बॅटरी तयार होते आणि ज्याचा धातू कमजोर त्याचा पत्रा झिजतो. म्हणून तळाला मॅग्नेशियमचे गट्टू लावलेले असतात, पोलादाऐवजी ते झिजावेत म्हणून. ते किती उरलेत ते बघ. अर्थिंगमधून होणारी ही झीज अडवणारा गॅल्व्हानिक आयसोलेटर बसवलाय का ते विचार, नसेल तर पहिल्या महिन्यात बसवून घे. डांबराचा हात दर दोन-तीन वर्षांनी द्यावाच लागतो. इपॉक्सीचा जास्त टिकतो, पण त्याला पत्रा आधी पार उघडा करून घ्यावा लागतो.

कागदांचंही ऐक. तिथे मोटारीसारखं बोटीच्या मालकीचं सक्तीचं सरकारी दप्तर नाही. लायसन्सवर नाव आहे म्हणून माणूस मालक ठरत नाही. बांधणाऱ्याचं मूळ बिल आणि त्यानंतरची प्रत्येक खरेदी-विक्रीची पावती माग. तू म्हणतोस ती बोट 2004 ची आहे, म्हणजे युरोपच्या नियमाप्रमाणे बांधणीचे कागदही असायला हवेत. तिच्यावर कुणाचं कर्ज नाही ना, ते लेखी घे. सुरक्षेचं सर्टिफिकेट दर चार वर्षांनी लागतं, त्याची तारीख बघ. पण ते गॅस, वीज, आग यांच्याबद्दल असतं. तळ बरा आहे असं ते कुठेच म्हणत नाही, आणि पुष्कळ लोक तिथेच फसतात.

लांबी सत्तावन्न फूट म्हणालास, ते छान केलंस. यॉर्कशायरकडची काही लॉकं, म्हणजे कालव्यात बोट वर-खाली घेणारी दारांची कुंडं, आखूड आहेत, त्याहून लांब बोट तिथे अडते. रुंद बोटीचा मोह टाळलास तेही बरं. बर्मिंगहॅमच्या आसपास सात फुटी लॉकंच जास्त, तिथे सहा फूट दहा इंचाची नॅरोबोटच जाते.

आता राहण्याचं. तुला बोट आठवते ती जुलैतली. दिवस लांब, छतावर पुदिन्याची कुंडी, बाबा सुकाणूपाशी आणि तू पुढे पाय सोडून बसलेला. आम्ही नऊ वर्षं राहिलो त्यात जुलै नऊ आले आणि जानेवारीही नऊ.

हिवाळ्यात शेगडी हाच घराचा जीव. धूर न करणारा कोळसा आण, राख रोज काढ, पण गरम राख प्लास्टिकच्या बादलीत कधी टाकू नकोस. आणि हवेच्या जाळ्या बुजवू नकोस, हे मी हात जोडून सांगते. एका जानेवारीत थंडी फार होती, बाबांनी झोपण्याच्या बाजूच्या जाळीत टॉवेल कोंबला. पहाटे तीनला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळायला लागला. मला डोकं उचलवेना. बाबांनी मला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. कालव्यावर बर्फाचा पापुद्रा होता आणि आम्ही दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी काठावर उभे. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, झोपेत काही कळत नाही. 2019 पासून बोटीवर तो अलार्म सक्तीचा आहे. तू दोन लाव, एक शेगडीच्या बाजूला आणि एक उशाजवळ, आणि दर आठवड्याला बटण दाबून तपास.

पोलादाचं घर म्हणजे भिंतींना घाम सुटतो. गादीखाली फळ्यांमध्ये फटी ठेव, नाहीतर महिन्याभरात खालून बुरशी धरते. भाताचं आधण चढवलंस की छताचं झाकण उघड.

वीज मोजून वापरायला शीक. शिशाच्या बॅटऱ्या अर्ध्याखाली उतरवल्यास तर लवकर मरतात. छतावर सोलर आहे तो हिवाळ्यात नावापुरता, मग इंजिन चालवावं लागतं. दुसऱ्यांच्या बोटी जवळ असताना रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन बंद ठेवतात, तो नियम पाळ. संडासाची टाकी कॅसेटची आहे, म्हणजे ती तू स्वतः उचलून नेऊन रिकामी करायची. लाजण्यासारखं त्यात काही नाही, पण नेमाने करायचं काम आहे, आणि पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी.

तुझी नोकरी एका जागी आहे, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. कायमचं मूरिंग, म्हणजे बोट बांधायची ठरलेली जागा, नसेल तर 1995 च्या कायद्याने एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि प्रवास खरा असावा लागतो. दोन पुलांमध्ये नुसतं मागेपुढे केलेलं कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट, म्हणजे कालव्यांचा कारभार बघणारी संस्था, मान्य करत नाही. 2024 पासून कायमचं मूरिंग नसलेल्या बोटींना लायसन्सवर जादा आकारही आहे. म्हणून बोटीआधी मूरिंग शोध. आणि ते राहण्याचं आहे की नुसतं बोट ठेवायचं, ते करारात वाच. दोन्ही वेगळी असतात, दरही वेगळे. आमच्या शेजारच्या एका जोडप्याला ऐन डिसेंबरात जागा सोडावी लागली होती, ते ह्याच एका ओळीपायी.

दोन गोष्टी हाताच्या. लॉकमध्ये खाली उतरताना मागच्या दारांशी दगडी उंबरा असतो. भिंतीवरची पांढरी खूण बघ आणि सुकाणू सतत त्या खुणेच्या पुढे ठेव. पाणी उतरत जातं आणि मागचा भाग उंबऱ्यावर अडकला तर बोट नाकावर झुकते, मिनिटांत पाणी आत येतं. असं झालंच तर ओरड, खालची पॅडल्स, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, ताबडतोब बंद करायला लाव, मग वरून सावकाश पाणी सोडा. लॉकमध्ये असताना चहा नाही, फोन नाही.

दुसरी गोष्ट बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याची. लंडनमधल्या साउथॉल आणि हेजच्या मधे एकदा इंजिन घुसमटून बंद पडलं. मागचं झाकण उघडून मी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, तर पंख्याला साडी गुंडाळलेली. केशरी, जरीच्या काठाची. पावाच्या सुरीने तासभर कापत होते. आजूबाजूला नारळ तरंगत होते. कुणीतरी गंगा म्हणून त्या कालव्यात निर्माल्य सोडलं होतं, मनात श्रद्धाच असणार. साडी कापताना माझे डोळे भरून आले, आणि बाबा न बोलता तुकडे पिशवीत भरत राहिले. तुझ्या ओळखीत कुणी असेल तर सांग, फुलं ओंजळभर सोडा पण कापड आणि दोरा पाण्यात नको. पंख्याशी हात घालण्याआधी इंजिन बंद करून किल्ली खिशात. आणि ते झाकण पुन्हा नीट आवळ, सैल राहिलं तर पंखा सुरू होताच पाणी आत उसळतं. बोटी बुडतात अशा, भर दिवसा, उथळ कालव्यात.

रोज संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर मागच्या शाफ्टच्या, म्हणजे पंख्याच्या दांड्याच्या, ग्रीसची चावी जड लागेपर्यंत फिरव, आणि खालच्या खोबणीत किती पाणी साठलंय ते टॉर्चने बघ. बाबा ते देवापुढे दिवा लावल्यासारखं करायचे. आधी टॉर्च, मग जेवण.

मी तुला नको म्हणत नाहीये. पहाटे धुकं पाण्यावर पडलेलं असतं, बगळा काठावर एका पायावर उभा असतो, आणि शेगडीवरच्या किटलीचा आवाज सोडून कसलाही आवाज नसतो, ते मी कधी विसरणार नाही. वेल्समधल्या पोंटकिसिल्टच्या कालव्याच्या पुलावरून 38 मीटर उंचीवर बोट नेली तेव्हा बाबांनी माझा हात धरला होता, एका बाजूला कठडाच नाही म्हणून. त्या पाण्यावर आम्ही सुखात होतो. तूही हो.

सर्व्हेयर ठरला की त्याला आधीच सांग, पाण्याच्या रेषेजवळ दर मीटरला जाडी मोज, दोन्ही बाजूंनी, आणि इंजिनखालच्या खोबणीतही मोज, तिथे पाणी आतून साठतं. रिपोर्ट आला की पूर्ण पाठव, फोटोंसकट. मी चष्मा लावून एकेक आकडा वाचीन. तोवर बयाण्यापलीकडे एक पैसाही देऊ नकोस.

बाबांची जुनी विंडलास, म्हणजे लॉकच्या झडपा फिरवायची किल्ली, आणि ग्रीसची बंदूक माळ्यावर आहे. दिवाळीला तुझा मावसभाऊ येतोय, त्याच्या हाती पाठवते.

तुझी,
आई