जखमी जवानांचं पुढचं आयुष्यही छापा

महोदय,

कालची कारगिल विजय दिनाची पुरवणी वाचली. ५२७ हुतात्म्यांबद्दल आदराने लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण तेराशेहून अधिक जखमींना मात्र, उपचार घेऊन सगळे पूर्ववत झाले, एवढ्या एका वाक्यात उरकलंत. लिहिण्याआधी त्यांतल्या एकाच्या तरी घरी कुणी गेलं होतं का?

माझे यजमान द्रासला तोफगोळ्याचे छर्रे लागून जखमी झाले. बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाभोवती रक्त साचलं, छातीत नळी घालावी लागली. सैन्यातल्या डॉक्टरांनी जीव वाचवला, ते उपकार कधी फिटणार नाहीत. पण त्या रक्तामुळे फुफ्फुसाचं आवरण जाड होऊन बसलं आणि ती बाजू आजही पुरती फुगत नाही. डाव्या कुशीवर झोपता येत नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट आवळून खोकतात. उसाला पाणी द्यायला रात्रीची लाइट येते, तेव्हा मोटारीपर्यंत जाताना मध्येच बांधावर बसतात.

मागे तपासणीला गेलो, तर यंत्रात फुंकायला लावलं, कागदावर आकडे आले. ‘वयाच्या मानाने ठीक आहे,’ म्हणत डॉक्टरांनी फाइल मिटली. झोप लागते का, चढण चढवते का, शेतातलं काम होतं का, एका शब्दाने विचारलं नाही. खुर्चीत बसून मारलेल्या फुंकरीत हे कळतं का? वर एमआरआय लिहून दिला, त्या यंत्रात तर जबर चुंबक असतं. छातीत अजून लोखंडाचा तुकडा आहे, हे मी सांगितलं म्हणून तो रद्द झाला.

पाय गेलेल्या जवानाचं अपंगत्व दिसतं, आणि त्यांच्यासाठी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे, ते असायलाच हवं. छातीची जखम शर्टाखाली झाकली जाते, म्हणून लोक यांना धडधाकट समजतात. श्वासाचे व्यायाम रुग्णालयात शिकवले होते. गावी आल्यावर ते नीट होतायत का, हे बघणारं कुणी नाही. तालुक्याला फिजिओथेरपिस्ट आहेत, ते गुडघे आणि कंबर बघतात. अशा जवानांची दरवर्षी घरी येऊन विचारपूस व्हावी, एवढं तरी तुमच्या पेपरने लावून धरावं.

आणखी एक. विजय दिनाला गावात सत्कार होतो, मान मिळतो, बरं वाटतं. पण शाल घालताना समोरच फटाक्यांची माळ लावतात. त्या धुराने यांना रात्रभर धाप लागते. तुम्ही त्याच माळेचा फोटो पहिल्या पानावर छापलात. तो छापायला नको होता.

– एका माजी सैनिकाची पत्नी, जि. सातारा