कोऱ्या पानावर रेघ मारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा हे सगळं समोर येऊनही बोलता आलं असतं. पण समोर आलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता आणि माझंही बोलायचं राहून जातं. म्हणून लिहून टाकते. आणि चारचौघांना वाचता येईल असंच लिहिते, कारण शाळेच्या समितीच्या निवडीत तुम्ही जे केलंत ते आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या सगळ्या ऊसतोड आईबापांना कळायला हवं. तुमचं नाव आणि गावाचं नाव मुद्दाम टाळलंय. नाव आलं की लोक बाकीचं सोडून त्यावरच बोलत बसतात, आणि त्याचा त्रास तुम्हाला व्हायला नको.

यंदा पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, आम्ही गावी परतलो, तेव्हा लेक दारातच उभी होती. आदल्या हंगामातून परतले होते तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. या वेळी त्याच बांगड्या मनगटावर घट्ट बसल्या होत्या, आता नव्या घ्याव्या लागणार. रात्री तिनं इंग्रजीच्या पुस्तकातला धडा न अडखळता वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "एक दिस पोर उपाशी निजली न्हाई." त्या रात्रीपासून तुम्हाला लिहायचं मनात आहे.

ज्यांना आमचं जगणं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दसरा-दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. नवराबायको मिळून एक कोयता, तशीच जोडीनं मजुरी धरतात. पोरं बरोबर नेली तर शाळा बुडते, सगळा हंगाम उसाच्या फडातल्या पाचटावर जातो. मागं ठेवली तर म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर. त्यासाठीच सरकारनं हंगामी वसतिगृहाची सोय केलेली आहे. आईबाप बाहेर असतील तोवर दुपारच्या खिचडीशिवाय मुलांचं सकाळ-संध्याकाळचं खाणंही शाळेत होतं. आमच्या गावात पोरं जेवतात शाळेत आणि झोपायला आजीकडे जातात. हे सगळं चालवते शाळा व्यवस्थापन समिती. डाळ कुणाकडून घ्यायची, स्वयंपाकाला कोण, किती तांदूळ शिजला, सगळं तिच्या सहीनं. म्हणजे आमच्या लेकरांच्या ताटात काय पडणार ते ही समिती ठरवते. तिच्यावर कोण बसणार हे आम्ही नाही ठरवायचं तर कुणी?

पण आमच्याकडे तसं कधी झालंच नाही. समिती व्हायची ती ऐन हंगामात, आम्ही फडात असताना. पारावर चार माणसं बसायची, नावं ठरायची, आणि रजिस्टर मुलांच्या दप्तरातून घरोघर फिरायचं. म्हातारी माणसं दाखवलेल्या जागी अंगठा उठवायची. वर पान कोरं. त्या कोऱ्या पानावर मागाहून काय लिहिलं गेलं ते गावातल्या एकाही आईला ठाऊक नसायचं. मागच्या समितीचे जे अध्यक्ष होते त्यांची दोन्ही मुलं तालुक्याला इंग्रजी शाळेत जात होती. आमच्या शाळेत त्यांचं पोर नाही आणि आमच्या पोरांच्या डाळीवर त्यांची सही! ती डाळ कशी असायची ते लेक फोनवर सांगायची, आणि मी इकडं मोळी बांधता बांधता ऐकून घ्यायची. तेव्हाच्या सरांना मी फोन केला तर म्हणाले, "ताई, तुम्ही तिकडं ऊस तोडा, शाळेचं आम्ही बघतो." पट्टा पडल्यावर आमचे मालक अर्ज घेऊन तालुक्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "गावचं राजकारण गावातच मिटवा," म्हणाले. पोरांच्या जेवणाला राजकारण म्हणणारा माणूस शिक्षण खात्याच्या खुर्चीत बसतो, याचा मला आजही संताप येतो.

आणि आमची आठवण कुणाला होत नाही असंही नाही. विधानसभेचं मतदान असो की ग्रामपंचायतीचं, उभे राहणारे फडापर्यंत गाड्या पाठवतात. एका दिवसासाठी आम्हाला उचलून आणतात, बोटाला शाई लागली की परत नेऊन सोडतात. शाळेच्या समितीसाठी गाडी सोडा, आजवर कुणी साधा फोन केला नव्हता.

तुम्ही बदलून आलात आणि गेल्या जूनमध्ये, शाळा उघडल्या उघडल्या, पालकसभेची नोटीस काढलीत. जूनमध्ये आम्ही सगळे गावात असतो, हे इतक्या वर्षांत सुचलं फक्त तुम्हाला. वेळ ठेवलीत संध्याकाळची, धारा काढून झाल्यावरची. मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून पुकारा केलात, मुलांच्या हाती चिठ्ठ्या दिल्यात, आणि तांड्यावर स्वतः चालत गेलात, कारण तिथवर भोंगा ऐकू जात नाही.

सभेत तुम्ही आधी कायदा समजावून सांगितलात, तोही आमच्या बोलीत. मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा २००९चा कायदा, १ एप्रिल २०१०पासून लागू झालेला, त्याचं २१वं कलम. समितीत चारातले तीन जण पालकच पाहिजेत. निम्म्या बायका पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. आपल्या राज्यात ही समिती १२ ते १६ जणांची असते, मुख्याध्यापक तिचे सचिव असतात, पण अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, आणि पालक सदस्यांची निवड पालकसभेतच व्हायला हवी. दर दोन वर्षांनी पुन्हा. मी बारावीपर्यंत शिकलेली बाई, पण हे माझ्या कानावर पहिल्यांदा पडत होतं. इतकी वर्षं कायदा होता आणि आमच्या शाळेत तो मोठ्यानं कुणी वाचलाच नव्हता.

मागून कुणीतरी विचारलं, मतदार यादी कुठंय, कार्ड लागतं का. तुम्ही टेबलावरचा हजेरीपट उचलून दाखवलात. "ही यादी. ज्याचं मूल यात, त्याचं मत." सगळी सभा त्या हजेरीपटाकडे बघत राहिली. रोज पोरांची नावं पुकारायचं ते पुस्तक, त्यातूनच आमचा हक्क निघत होता.

तेवढ्यात एक आजी उठून निघाल्या. त्यांचा लेक आणि सून त्या आठवड्यात कामाला पुण्याकडे गेलेले. "आमचं काय काम इथं," म्हणाल्या. तुम्ही त्यांना हाताला धरून बसवलंत. "मावशी, नातवाला सहा महिने सांभाळतं कोण? कायद्यात आईवडील किंवा पालक असं लिहिलंय. बसा." त्या बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत, त्यांनी सभेत दोन वेळा तोंड उघडलं. एकदा पाण्याच्या टाकीबद्दल आणि एकदा डाळीबद्दल.

पुढची चिठ्ठ्यांची, मोजणीची हकीकत सांगत बसत नाही. काही नावं एकमतानं ठरली, एका जागेला चुरस झाली, अंधार पडेपर्यंत सगळं आटोपलं. मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

ठराव लिहून झाला, तुम्ही तो मोठ्यानं वाचलात, मग सह्या-अंगठे झाले. पानाचा निम्मा भाग कोरा राहिला होता. लोक उठायला लागले होते, कुणी चपला शोधत होतं, पोरं पेंगुळली होती. तुम्ही टेबलावरची लाकडी पट्टी घेतलीत. शेवटच्या अंगठ्याच्या अगदी खाली एक आडवी रेघ ओढलीत. तिथून पानाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी. तिरक्या रेघेवर तुमची सही, पुढं तारीख. मग रजिस्टर आमच्याकडे वळवून धरलंत आणि म्हणालात, "आता यात कुणालाच काही घालता येणार नाही. मलाही नाही."

मॅडम, ते "मलाही नाही" मी जन्मभर विसरणार नाही.

आजवर ज्याच्या त्याच्या दारी आम्ही गेलो, त्या प्रत्येकानं सांगितलं, आमच्यावर भरवसा ठेवा. मुकादम तेच म्हणतो, पुढारी तेच म्हणतो, ते सरही तेच म्हणायचे. तुम्ही भरवसा मागितला नाहीत. आमच्या डोळ्यांदेखत स्वतःचे हात बांधून घेतलेत. कोऱ्या पानाचं भय काय असतं ते अंगठा देणाऱ्यालाच ठाऊक. उचलीच्या कागदावर, सोसायटीच्या कागदावर, कुठं कुठं आमच्या माणसांनी असे अंगठे दिलेत आणि पुढं वर्षानुवर्षं फेडत बसलेत. तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी तुम्ही ओळखलंत. माझ्या जाऊबाईंनी पुढं होऊन त्या रेघेवर बोट फिरवलं. शाई ओली होती, थोडी फिसकटली. तुम्ही त्यांना हटकलं नाहीत, शाई वाळेपर्यंत रजिस्टर तसंच उघडं धरून उभ्या राहिलात. तो डाग त्या पानावर अजून आहे, मी परवाच पाहिला.

कायदा आधीच्या सरांकडेही होता. रजिस्टर होतं, पट्टी होती, पेनही होतं. नव्हती ती नियत. चांगुलपणाला काही फार मोठं लागत नाही हे मी बाहेरही पाहिलंय. आम्ही जातो त्या कारखान्याच्या वजनकाट्यावर एक जण आहे. आकडा लिहायच्या आधी तो गाडीवानाला आत बोलावून काटा दाखवतो. त्याला तसं करायची सक्ती नाही, उलट वेळ जातो म्हणून वरून बोलणी बसत असतील. पण त्याची पाळी असली की सगळ्या टोळीला हायसं वाटतं. अशा माणसांचे फोटो कुठं लागत नाहीत, त्यांचा सत्कार होत नाही. गरिबाचं जग मात्र त्यांच्यावरच चाललंय. तुम्ही त्यांतल्या आहात.

त्या सभेतून आलेली समिती कशी निघाली तेही लिहायला हवं. अध्यक्ष झाल्या त्या तांड्यावरच्या ताई, त्यांची दोन मुलं आपल्या शाळेत. त्या वाचायला जरा अडखळतात, पण हिशेबाला पक्क्या. रविवारी संध्याकाळी आमच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, त्यांचा फोन यायचा. आम्ही चार-पाच जणी चुलीपुढं बसून फोन स्पीकरवर ठेवायचो आणि त्या साठ्याच्या वहीतून वाचायच्या, इतका तांदूळ, इतकी डाळ, इतकं तेल, कोण आजारी, कोण गैरहजर. एकदा डाळीत खडे निघाले तर ताईंनी पोतं दुकानदाराला परत धाडलं आणि तुम्ही त्या शेऱ्याखाली सही केलीत. गावातल्या काहींना ते झोंबलं, तुमच्याविरुद्ध कुजबूजही झाली म्हणे. ती आमच्यापर्यंत पोचली, तुम्ही मात्र त्याबद्दल फोनवर कधी बोलला नाहीत.

हे वाचणाऱ्या बाकीच्या आयांना हात जोडून सांगते. तुमचं पोर जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत असेल तर समितीची निवड कधी आहे ते आत्ताच विचारून ठेवा, आणि तुम्ही गावात असाल तेव्हाच सभा घ्या असं लेखी मागा. जे पालक म्हणून बसतात त्यांचं मूल त्याच शाळेच्या हजेरीपटावर आहे का ते बघा. कोऱ्या पानावर सही देऊ नका, घरच्या म्हाताऱ्यांनाही देऊ देऊ नका.

मॅडम, यंदा बदल्यांच्या यादीत तुमचं नाव येणार अशी गावात चर्चा आहे. आम्ही समितीच्या बैठकीत ठराव करून तुम्हाला इथंच ठेवण्याची विनंती वर पाठवणार आहोत. त्याचा किती उपयोग होईल ते बघू, पण ठराव होणार, आणि तो सगळ्यांसमोर वाचून दाखवूनच होणार.

रविवारी दुपारी घरी जेवायला यायचंय. सासूबाईंनी येसर कुटून ठेवलाय, धपाटे मी करते. मुलांना आणि साहेबांनाही घेऊन या. "त्यात काय एवढं" या वेळी चालणार नाही.

आपली,
तिसरीतल्या एका मुलीची आई