पीक जोमात आहे म्हणे!

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, रानात उतरून पंचनामा करतो, असा शब्द आम्हाला मिळाला होता. परवा तुमच्या खात्याची गाडी आली, बांधाला थांबली, काच खाली झाली, दोन फोटो निघाले. "पीक जोमात आहे की!" म्हणत गाडी पुढं.

सोयाबीन कमरेला लागलंय, हे खरं. पण ते माजलंय. मे महिन्यातच पाऊस लागला, वाफसा आला नाही, म्हणजे रान पेरण्याजोगं सुकलंच नाही, पेरणी लांबली. उगवलं ते ऊन न बघता नुसतं वाढलं. फुलं गळून चिखलात. एका झाडाला शेंगा मोजल्या, अकरा. शेजारच्याला चार. खालची पानं उलटी केली की तांबेऱ्याची तांबडी बुरशी बोटाला लागते. मका पिवळा पडलाय, पोंग्यात लष्करी अळी. दोनदा औषध मारलं, दोन्हीदा पावसानं धुतलं. बायकोच्या कानातलं गहाण ठेवून आणलेलं औषध होतं ते. (हे तुम्हाला कशाला सांगायचं, पण लिहून गेलो.)

सरकारी भरपाईच्या नियमाला 33 टक्के नुकसान लागतं. हिरव्या पानाखालचं कोण मोजणार? मोजलं तरी कोरडवाहूला हेक्टरी 8500, म्हणजे गुंठ्याला 85 रुपये. आधी 13600 होते, 2025 ला खाली आणले. 85 रुपयांत आमच्याकडं एक मिसळ होते, जादा पाव मागायचा नाही.

एक रुपयाचा विमा 2023 ला आला, 2025 ला गेला. 2025 च्या खरिपाला हप्ता दोन टक्के, आणि भरपाई फक्त महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळातली काही रानं कापून काढलेल्या सरासरीवर. म्हणजे माझं एकट्याचं रान बुडून भागत नाही, सगळं मंडळ बुडायला पाहिजे!

त्यातूनही पिकलं, तर दिल्लीनं ऐन पेरणीच्या तोंडावर, 30 मे 2025 ला, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलेलं. बाहेरचं तेल स्वस्त, की आमच्या सोयाबीनचा भाव खाली. 2025 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5328, तो फलकावर वाचायचा आणि माल व्यापाऱ्याला घालायचा. कारण खरेदी केंद्राला ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे. या पावसात आमची वाकळसुद्धा तेवढी कोरडी नाही. तेल खाणारा सांभाळायचा, विमा कंपनी सांभाळायची, पिकवणाऱ्यानं मोबाईलला रेंज शोधत झाडावर चढून ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या पिकाची ॲपवर नोंद, करायची. चांगलं चाललंय.

फेरपाहणी करा, शेंगा मोजून. अहवालातलं "जोमात" खोडा. आणि स्वतः येणार असाल तर बूट घालून येऊ नका, रुततात. अनवाणी या.

आपला,
हातकणंगले तालुक्यातला एक सोयाबीनवाला
(सव्वादोन एकर, त्यातलं दीड पाण्यात)