दाखल्यासाठी स्टॅम्प पेपर अजून का मागतात?

संपादक महोदय,

जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागणार नाही असं महसूलमंत्री बावनकुळे यांनी मार्च २०२५ मध्ये सांगितलं, खरं तर ही माफी २००४ पासूनचीच, पण आमच्याकडे तहसीलबाहेर टेबल टाकून बसलेले आधी स्टॅम्प पेपरच हातात ठेवतात आणि अर्ज परत यायला नको म्हणून लोक गुपचूप घेतात.

दुसरं म्हणजे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. मुदतीत दाखला दिला नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. कायदा झकास आहे हो, पण शेवटच्या दिवशी एक त्रुटी काढून अर्ज परत पाठवला की मुदत पुन्हा पहिल्यापासून, मग दंड बसणार कोणाला?

दुकानदारांचं त्यामानाने बरं चाललंय, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या बदलामुळे नुसती ऑनलाइन सूचना दिली की झालं. हेच दाखल्यांना का जमू नये? निदान सगळ्या त्रुटी एकदाच लिहून द्या, आणि स्टॅम्प पेपर लागत नाही हा बोर्ड दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या सेतू केंद्राच्या दारावर लावा, आत कपाटामागे नको.

- एक वाचक