दाताच्या दुखण्यात घाई कधी करायची

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

कबड्डीचा सराव सुरू झालाय आणि खालची उजवी अक्कलदाढ अधूनमधून कुरकुर करते, असं म्हणालीस. म्हणून हे सविस्तर लिहिते. दंतवैद्यांची मुलगी म्हटल्यावर हॉस्टेलमधल्या मुली रात्री गाल धरून तुझ्याकडेच येणार.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. ठणका किती आहे यावरून धोका मोजायचा नाही. नस दाताच्या कडक भिंतींत कोंडलेली असते. ती सुजली की पसरायला जागाच नसते, म्हणून जीव नकोसा होतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री जास्त. हे हाल खरे, पण बहुतेक वेळा सकाळपर्यंत निभावतात. खरी काळजी चार दिवस ठणकून अचानक गप्प झालेल्या दाढेची. लोक म्हणतात, बरं वाटलं. प्रत्यक्षात नस मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. आठवड्याने गाल सुजतो तो असा.

नुसत्या सुजेला दुसऱ्या दिवशी दाखवलं तर चालतं. पण सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरतेय, जीभ वर उचलली गेलीय, लाळ गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, यातलं काहीही दिसलं तर दाताचा दवाखाना शोधत बसू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, नाहीतर १०८. श्वासनलिका दाबली जायला मग फार वेळ लागत नाही. सूज डोळ्याकडे चढली किंवा ताप येऊन तोंड दोन बोटंही उघडेना, तरी त्याच दिवशी, त्याच वेळी जायचं. आणि सुजेवर बाहेरून गरम शेक कुणालाही देऊ देऊ नकोस.

मैदानावर मात्र सगळा खेळ मिनिटांचा. पक्का दात मुळासकट निघून पडला तर तो परत बसतो, पण मुळावरच्या नाजूक पेशी जिवंत असतील तरच. कोरड्या हवेत अर्ध्या तासात त्या मरू लागतात, तासाभरात जवळजवळ संपतात. दात उचलताना पांढऱ्या भागाला धर, मुळाला बोट लावू नकोस. माती असेल तर दुधाने किंवा नळाच्या बारीक धारेखाली दहा सेकंद धू. घासायचं नाही, साबण नाही, पुसायचंही नाही. शेजारच्या दातांकडे बघून दिशा जुळव, खाचेत हलक्या हाताने दाब आणि वर घडी केलेला रुमाल चावून धरायला सांग. धीर होत नसेल तर दात थंड दुधात टाक. हॉस्टेलच्या मेसमध्ये दूध असतंच. दूध नसेल तर भांड्यात जिचा दात पडला तिचीच थुंकी घेऊन त्यात बुडव. साध्या पाण्यात ठेवू नकोस, पाणी शिरून पेशी फुटतात. कागदात गुंडाळून आणलेला दात ही तर आमची नेहमीची हळहळ.

मग तासाभराच्या आत दंतवैद्याकडे. तो दात शेजारच्यांना पातळ तारेने साधारण दोन आठवडे बांधतात आणि त्याच काळात रूट कॅनॉल सुरू करतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या. पडलेली मुलगी बेशुद्ध झाली असेल, उलट्या होत असतील, तर दात राहू दे, आधी डोक्याची तपासणी. वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळत नसतील तर जबडा मोडल्याची शंका घ्यायची. लहान मुलाचा दुधाचा दात मात्र कधीच परत बसवत नाहीत, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

तुकडा उडाला तर तो ओल्या फडक्यात किंवा दुधात जपून आण, बरेचदा चिकटवता येतो. तुटलेल्या जागी लाल ठिपका दिसला म्हणजे नस उघडी पडली. त्याच दिवशी गाठायचं. कॅप निघणं, सिमेंट पडणं ही दोन-चार दिवस थांबणारी कामं.

रात्रीच्या ठणक्याला जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० एकत्र चांगली चालतात. आठ तासांच्या आत पुन्हा नाही. कॉम्बिफ्लाममध्ये ही दोन्ही आधीच असतात, तेव्हा वरून आणखी घ्यायची नाहीत. दमा, पोटातला अल्सर किंवा डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन नको, नुसती पॅरासिटामॉल. लवंगेचं तेल कापसावर एकच थेंब, तोही दाताच्या खड्ड्यात. हिरडीला लागलं तर ती भाजते. ॲस्पिरिन कुटून दाबणाऱ्या मुली भेटतील, त्यांना आवर. आणि औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने घेतलेली अँटिबायोटिकं नसेच्या दुखण्यावर काही करत नाहीत.

नागपुरात दिवसा शासकीय दंत महाविद्यालय आहे, रात्री मेडिकलची, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची, कॅज्युअल्टी. दोन्ही मेडिकल चौकातच, रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही.

आता तुझी दाढ. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीची झालर राहते, तिच्याखाली अन्न अडकतं आणि ती सुजते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भर आणि मऊ ब्रश अगदी मागपर्यंत ने. आता शांत आहे तेवढ्यात ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा, एक्स-रे काढून मला फोटो पाठव. काढायची ठरलीच तर दिवाळीच्या सुट्टीत इथे घरी काढू. त्यानंतर पाऊण तास बोळा घट्ट चावून धरायचा, सारखा काढून बघायचा नाही. चोवीस तास थुंकणं, चुळा आणि स्ट्रॉ बंद. रक्ताची गुठळी निसटली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत कळा येतात. कबड्डी किमान आठवडाभर बंद ठेवावी लागेल, हे तुझ्या सरांना आधीच सांगून ठेव. माउथगार्डचे पैसे वेगळे पाठवतेय.

तुझी,
आई