शीड आधी आवर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात बोट घेऊन मांडव्याला जायचं म्हणतेस. जा, पण वळवाकडे लक्ष असू दे. दुपारचा वायव्येचा खारा वारा एकाएकी पडला आणि सह्याद्रीच्या बाजूला काळं आभाळ दाटलं, तर थांबू नकोस, मेनला, म्हणजे मोठ्या शिडाला, रीफ घाल: त्याचा खालचा भाग आवरून शीड लहान कर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 15 नॉटचे 20 झाले की पावणेदोनपटीच्या वर, 30 झाले की चौपट. तेव्हा शीड आवरायला हातात बळ उरत नाही.

क्रम चुकवू नकोस. बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, टॉपिंग लिफ्टवर (त्याला वरून पेलणाऱ्या दोरावर) पेलून धर, मेनशीट (बूम आत ओढणारा दोर) आणि व्हँग (बूम खाली ओढणारा दोर) ढिले सोड. हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायचा दोर, खुणेपर्यंत खाली घे, पुढची कडी हुकात अडकव, हॅलयार्ड पुन्हा ताठ कर. मागच्या कोपऱ्याचा दोर त्यानंतर. तो आधी ओढलास तर पुढची कड ताठ होत नाही, शिडाला पोट येतं आणि बोट जास्तच कलते. उरलेलं कापड सैलच बांध. मधल्या छिद्रांवर भार आला की शीड तिथेच फाटतं.

बंदराच्या तोंडाशी ओहोटी आणि नैऋत्येचा वारा समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. वारा तेवढाच, पण बोट आपटते. उधाणाच्या दिवसांत हे जास्त होतं, म्हणून निघण्याची वेळ पंचांग नव्हे, भरतीचा तक्ता पाहून ठरव.

नांगराचा हिशेब तर मुंबईत फार जण चुकवतात. ओहोटीला 3 मीटर पाणी आणि 1 मीटर नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची धरून सातपट, म्हणजे 28 मीटर दोर सोडतात. उधाणाला पाणी 4 मीटर चढलं की तोच दोर साडेतीनपट उरतो, ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर उपटतो. भरतीचं पाणी धरून 56 मीटर सोड.

लाइफजॅकेटची मांड्यांमधली पट्टी बांध. नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं. व्हीएचएफ रेडिओ 16 नंबरच्या चॅनेलवर चालू ठेव, तटरक्षक दलाचा 1554 फोनमध्ये साठवून ठेव.

दुसऱ्या रीफचा दोर पुलीपाशी झिजलाय. नवा आणून लॉकरमध्ये ठेवलाय, निघण्याआधी तेवढा ओवून घे.

तुझे बाबा